रोबोला स्वतःवर शंका घ्यायला शिकवणारा प्राध्यापक

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या बंदरावर, फिशरमन आयलंड्स टर्मिनलमध्ये, २००५ सालापासून कंटेनर वाहणारी यंत्रं चालकाशिवाय फिरतात. स्ट्रॅडल कॅरिअर म्हणतात त्यांना. उंच पायांचा एक अजस्र सांगाडा कंटेनरच्या रांगेवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहतो, पोटाखालून कंटेनर उचलतो आणि जहाजाजवळून यार्डात किंवा यार्डातून ट्रकवर नेऊन ठेवतो. रिकाम्या यंत्राचं वजनच साठ टनांच्या आसपास. रांगांमध्ये जागा जेमतेम पाय मावतील एवढी. आणि हे सगळं रात्री, पावसात, समुद्रावरच्या वाऱ्यात चालतं.

या यंत्राला स्वतःची जागा कशी कळते? पाहणाऱ्याच्या मनात पहिलं उत्तर येतं ते चांगल्या सेन्सरचं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. चांगले सेन्सरही चुकतात. आपण आत्ता किती चुकत असू याचा हिशेब यंत्राने सतत मांडायचा आणि त्या हिशेबावर वागायचं, हा या कामातला खरा भाग. ह्यू डरँट-व्हाइट या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने साधारण तीस वर्षं हाच हिशेब वेगवेगळ्या रूपांत सोडवला. त्यांची कारकीर्द पाहिली की रोबोटिक्समधली एक अवघड कल्पना बऱ्यापैकी सोपी होते, म्हणून हा लेख त्यांच्या वाटेने नेतो.

त्यांचा जन्म १९६१चा. मूळचे ब्रिटिश, लंडनमध्ये पदवी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९८६ साली पीएचडी, १९८७ ते १९९५ ऑक्सफर्डमध्ये अध्यापन, मग सिडनी विद्यापीठात मेकॅट्रॉनिक्सचे प्राध्यापक. पीएचडीचा विषय होता अनेक सेन्सर असलेल्या रोबोंमधली माहिती एकत्र कशी करायची. ऐकायला साधा वाटतो. त्यात काय दडलंय ते एका छोट्या गणितातून बघू.

समोरच्या भिंतीचं अंतर दोन सेन्सर मोजतायत. पहिला सांगतो १० मीटर, पण त्याची चूक साधारण १ मीटरची असते. दुसरा सांगतो १०.६ मीटर, त्याची चूक अर्ध्या मीटरची. मग खरं अंतर किती मानायचं? सरळ सरासरी १०.३ येते, पण तिच्यात कच्च्या आणि पक्क्या साक्षीदाराला सारखाच मान मिळतो. दुसरं टोक म्हणजे चांगल्या सेन्सरचं ऐकायचं आणि पहिला फेकून द्यायचा. दोन्ही मार्ग चुकीचे. गणित सांगतं की प्रत्येकाला वजन द्यायचं, आणि ते चूक किती मीटरची, त्या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात. पहिल्याचं वजन १, दुसऱ्याचं ४. उत्तर येतं १०.४८ मीटर. खरी गंमत पुढे आहे: या एकत्रित उत्तराची अपेक्षित चूक येते सुमारे ४५ सेंटिमीटर. म्हणजे चांगल्या सेन्सरपेक्षाही कमी. वाईट सेन्सरनेसुद्धा काहीतरी दिलंच, फक्त तो किती वाईट आहे हे आपल्याला माहीत असायला हवं.

ही वजनं वेळेबरोबर बदलत ठेवायची रीत म्हणजे कालमन फिल्टर. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेलं हे गणित अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलं गेलं. त्याचं चक्र दोन पावलांचं आहे. आधी अंदाज: चाकं इतकी फिरली, म्हणजे मी आता इथे असेन. चाकं घसरतात, त्यामुळे या पावलात शंका वाढते. मग पडताळा: सेन्सरने काहीतरी पाहिलं, ते अंदाजाशी ताडून पाहिलं. इथे शंका घटते. यंत्र चालत असतं तोवर शंका अशी फुगत आणि आकसत राहते. शंकेला इथे एक आकडा असतो, आणि तो आकडा जागेच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा मानला जातो.

ऑक्सफर्डच्या वर्षांत त्यांच्या गटाने यात एक धाडसी बदल केला. सगळ्या सेन्सरची माहिती एका मध्यवर्ती संगणकाकडे पाठवायची आणि त्याने निर्णय घ्यायचा, ही तोवरची नेहमीची रचना. तो संगणक बंद पडला की सगळंच बंद. डरँट-व्हाइट यांच्या गटाने मध्यवर्ती संगणकच काढून टाकला. प्रत्येक सेन्सरजवळ त्याचा स्वतःचा प्रोसेसर, आणि हे प्रोसेसर आपापसात बोलून एकच चित्र तयार करतात. वरच्या उदाहरणातली १ आणि ४ ही वजनं पुन्हा बघा. त्यांची बेरीज ५, आणि एकत्रित उत्तराचं वजन नेमकं तेवढंच. चुकांचे आकडे असे जोडता येत नाहीत, पण हे वजन, ज्याला गणितात माहिती म्हणतात, ते सरळ बेरजेने वाढतं. म्हणून कोणीही कोणाकडूनही माहिती घेऊन आपल्यात मिळवू शकतो. एखादा सेन्सर मेला तर बाकीचे तेवढी बेरीज सोडून काम चालू ठेवतात.

इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. बेरीज चालते ती दोन साक्षी खरोखर स्वतंत्र असतील तेव्हाच. गावात आपणच कुणाच्या तरी कानात घातलेली बातमी चार तोंडांतून फिरून आपल्याकडे परत येते आणि आपण म्हणतो, “बघा, सगळेच म्हणतायत!” सेन्सरच्या जाळ्यात नेमकं हेच होतं. अ ने ब ला सांगितलं, ब ने क ला, क ने पुन्हा अ ला, आणि अ ने स्वतःचीच माहिती नवी समजून जमा केली. उत्तर बदलत नाही, पण खात्री मात्र फुकटात वाढते. रोबोसाठी यापेक्षा धोकादायक अवस्था नाही. चुकलेला रोबो नवी माहिती आल्यावर सुधारतो. चुकलेला आणि शंभर टक्के खात्री असलेला रोबो नवी माहितीच धुडकावतो, कारण त्याच्या हिशेबात चूक सेन्सरची असते. जाळं झाडाच्या फांद्यांसारखं, म्हणजे कुठेही वळसा नसलेलं असेल, तर कोणाशी आधी काय बोललो ते लक्षात ठेवून वजा करता येतं. वळसे असले की प्रकरण बरंच अवघड होतं, आणि तिथे हमखास सुरक्षित पण थोडा जास्त भित्रा हिशेब वापरावा लागतो.

त्याच काळात ऑक्सफर्डला त्यांचे विद्यार्थी होते जॉन लेनर्ड, पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले. ते सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर काढणाऱ्या सेन्सरवर, काम करत होते. तेव्हाच्या रोबोंवर जे सोनार बसवत ते मूळचं पोलरॉइड कॅमेऱ्याच्या फोकससाठी बनवलेलं, साधारण ५० किलोहर्ट्झवर ‘टिक’ करणारं. रोबोटिक्समध्ये त्याची कीर्ती फार वाईट होती: कधी भिंत दिसते, कधी भिंतीच्या जागी पोकळी. पण ध्वनीच्या लहरीची लांबी तिथे जेमतेम ७ मिलिमीटर येते, आणि घरातली भिंत त्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत असते. म्हणजे सोनारसाठी भिंत हा आरसा आहे. लहर काटकोनात आपटली तर परत येते, तिरकी आपटली तर भलतीकडे निघून जाते. हे एकदा मान्य केलं की सोनार भोंगळ राहत नाही. भिंत, कोपरा आणि कड प्रत्येकी आपल्या ठराविक पद्धतीने उमटतात. सेन्सरला शिव्या देण्याआधी त्याचं भौतिकशास्त्र समजून घ्यायचं, ही शिस्त या गटाच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

आता मुख्य गोष्टीकडे.

आतापर्यंत गृहीत धरलं होतं की रोबोकडे नकाशा आहे. नकाशा असेल तर जागा काढता येते. जागा ठाऊक असेल तर नकाशा काढता येतो. दोन्ही नसतील तर? अनोळखी खाणीत किंवा समुद्रतळाशी सोडलेल्या रोबोपुढे हाच पेच असतो. त्याला नकाशा काढता काढता त्याच नकाशात स्वतःला शोधायचं असतं. या प्रश्नाला आज इंग्रजी आद्याक्षरांवरून स्लॅम म्हणतात. त्याची सुरुवात १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या रोबोटिक्सच्या परिषदेत झाली असं मानतात. पीटर चीजमन, जिम क्राउली, डरँट-व्हाइट आणि आणखी काही जण तिथे होते. डरँट-व्हाइट आणि टिम बेली यांनी २००६ साली लिहिलेल्या आढाव्यात त्या दिवसांची आठवण आहे: चर्चेत कागदी टेबलक्लॉथ आणि नॅपकिन भरून गेले होते. (संशोधनाचा किती भाग जेवणाच्या टेबलावर होतो, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा.)

अडचण कुठे होती ते समजायला दोन खांब डोळ्यांसमोर आणा. रोबोला स्वतःच्या जागेबद्दल २ मीटरची शंका आहे. तिथून त्याने दोन खांब पाहिले आणि नकाशात मांडले. दोन्ही खांबांच्या जागेत आता निदान २ मीटरची शंका आली. पण त्या दोघांमधलं अंतर? ते रोबोने एकाच ठिकाणाहून मोजलंय, त्यामुळे ते १० सेंटिमीटरपर्यंत नक्की असू शकतं. दोन्ही खांब एकाच दिशेला, एकाच मापाने चुकलेत. एक सरकला तर दुसराही सरकणार. या ‘एक सरकला तर दुसराही’ नात्याला सहसंबंध म्हणतात, आणि तो नकाशातल्या खांबासारख्या प्रत्येक खुणेचा दुसऱ्या प्रत्येक खुणेशी असतो.

ही नाती सांभाळायची म्हणजे मोठा तक्ता लागतो. सपाट जमिनीवरच्या १०० खुणा घेतल्या तर प्रत्येकीचे दोन आकडे, अधिक रोबोच्या जागेचे आणि दिशेचे मिळून तीन, असे २०३ आकडे होतात. त्यांच्या परस्परनात्यांचा तक्ता २०३ गुणिले २०३, म्हणजे ४१ हजारांहून जास्त नोंदी. खुणा दुप्पट झाल्या की नोंदी जवळपास चौपट. नव्वदीच्या सुरुवातीच्या संगणकांना हे झेपत नव्हतं. शिवाय सगळीच नाती धरून ठेवली तर चुका कशा वागतील, शंका बेफाम वाढत तर जाणार नाही ना, याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून बहुतेक संशोधक हे सहसंबंध कमी कसे करता येतील या मागे होते. प्रत्येक खूण वेगळी धरायची, नाती शून्य मानायची. हिशेब हलका होतो.

उलगडा झाला तो दिशा उलटी केल्यावर. जागा आणि नकाशा हे दोन प्रश्न नाहीत, एकच प्रश्न आहे असं मांडलं, की गणित आपोआप एका उत्तराकडे सरकतं. आणि ज्या सहसंबंधांना अडगळ समजून फेकलं जात होतं तेच या प्रश्नाचा प्राण आहेत. ते जितके वाढतील तितका नकाशा घट्ट होतो. स्लॅम हे नावही १९९५ सालच्या डरँट-व्हाइट यांच्याच गटाच्या निबंधात पहिल्यांदा आलं. मग २००१ साली गामिनी दिसानायके, पॉल न्यूमन, स्टीव्ह क्लार्क, डरँट-व्हाइट आणि मायकल चोर्बा यांच्या लेखात गणिती सिद्धता प्रयोगासह मांडली गेली.

त्या सिद्धतेतून तीन गोष्टी निघाल्या, आणि त्या बिनागणिताच्याही पटतात. एक, रोबो खुणा पुन्हा पुन्हा पाहत राहिला तर कुठल्याही खुणेबद्दलची शंका घटत जाते, वाढत नाही. कारण खूण हलत नाही, आणि एकदा मिळालेली माहिती नव्या निरीक्षणाने कमी होत नाही. दुसरी गोष्ट, खूप वेळाने सगळ्या खुणांमधली परस्पर अंतरं पूर्ण नक्की होतात, जणू सगळा नकाशा एका कडक पत्र्यावर कोरलाय. तिसरी मला सगळ्यात आवडते: तरीही शंका शून्य होत नाही. पहिली खूण पाहिली त्या क्षणी रोबोला स्वतःबद्दल जेवढी शंका होती, तिच्याखाली नकाशा कधीच जात नाही. तो पत्रा आतून कितीही कडक असला तरी जगाच्या तुलनेत कुठे ठेवलाय हे सुरुवातीच्या अज्ञानावरच ठरतं. पुढची हजार निरीक्षणं ते भरून काढत नाहीत.

रोबो मोठा फेरा मारून सुरुवातीच्या ओळखीच्या खुणेजवळ परत येतो तेव्हा सहसंबंधांचं मोल उघड दिसतं. ती एक खूण ओळखली की रोबोची स्वतःची चूक एका झटक्यात दुरुस्त होते, आणि नात्यांच्या साखळीतून तीच दुरुस्ती वाटेतल्या सगळ्या खुणांपर्यंत मागे पोचते. वळून न पाहिलेल्या खुणासुद्धा जागेवर येतात. नाती शून्य धरली असती तर फक्त एक खांब हलला असता आणि बाकी नकाशा वाकडाच राहिला असता.

सिडनीत डरँट-व्हाइट यांनी उभ्या केलेल्या ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर फील्ड रोबोटिक्सच्या नावातला ‘फील्ड’ उगाच नाही. प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर चालणारं यंत्र धुळीत, पावसात आणि खड्ड्यांत किती दिवस टिकतं, हा तिथला प्रश्न. बंदराचं काम याच वळणाचं. बंदरात उपग्रहावरून जागा सांगणारं जीपीएस क्रेनच्या आणि कंटेनरच्या लोखंडावर आपटून आलेल्या लहरींमुळे अचानक उडी मारतं. प्रवेग मोजणारे जडत्व-सेन्सर कधी उडी मारत नाहीत, पण हळूहळू वाहवत जातात. प्रवेगाच्या मापात सेकंद-वर्गाला फक्त १ सेंटिमीटरची कायमची चूक असली, तर एका मिनिटात जागेत १८ मीटरची चूक साचते. एकाचा दोष झटक्याचा, दुसऱ्याचा संथ, म्हणून दोघं एकमेकांना छान सांभाळून घेतात.

पण साठ टनांच्या यंत्रासाठी एवढं पुरत नाही. ही जोडी मिळून चुकली तर कळणार कोणाला? सिडनीच्या गटाचं उत्तर होतं दोन पूर्णपणे वेगळ्या साखळ्या. एक जीपीएस आणि जडत्व-सेन्सरची. दुसरी चाकांच्या फेऱ्या मोजणारे एन्कोडर आणि रडार यांची. रडार ७७ गिगाहर्ट्झचं, म्हणजे लहर ४ मिलिमीटरच्या आसपास. धूळ, धुकं, पाऊस यांतून बऱ्यापैकी आरपार जाणारं आणि ठिकठिकाणी बसवलेले परावर्तक ओळखणारं. आजच्या मोटारींतली पुढचा अडथळा पाहणारी रडार याच पट्ट्यात चालतात. या दोन साखळ्या सारख्या असून चालत नाही, हा यातला कळीचा मुद्दा. एकाच जातीचे दोन जीपीएस बसवले तर क्रेनखाली दोन्ही एकदमच चुकतील आणि एकमेकांना दुजोरा देतील. चुकण्याची कारणंच वेगळी हवीत. दोन साखळ्यांची उत्तरं जुळली नाहीत की यंत्राने थांबायचं.

या बंदराच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती तांत्रिक लेखांत सहसा येत नाही. टर्मिनल चालवणारी पॅट्रिक ही तीच कंपनी, जिने ७ एप्रिल १९९८ रोजी आपले सुमारे १,४०० संघटित गोदी कामगार एका फटक्यात कामावरून काढले होते. देशभर आंदोलन झालं, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि कामगार परतले. काही वर्षांनी त्याच कंपनीच्या ब्रिस्बेन टर्मिनलवर चालकाविना यंत्रं फिरू लागली. स्वयंचलनाचा पैसा कुठून येतो आणि का येतो, हा प्रश्न सहसंबंधांच्या तक्त्यात बसत नाही. पण अशा क्षेत्रात काम करणाऱ्या प्राध्यापकाला तो टाळताही येत नाही.

खाणींचं काम २००७ साली रिओ टिंटो कंपनीबरोबर सिडनी विद्यापीठात सुरू झालेल्या केंद्रातून वाढलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिल्बरा भागातल्या लोहखनिजाच्या खाणी पर्थमधल्या केंद्रातून, सुमारे १,५०० किलोमीटरवरून चालवल्या जातात. तिथे चालकाविना धावणारे अवाढव्य ट्रक सगळ्यांना आकर्षक वाटतात, पण मला जमिनीखालचा प्रश्न जास्त रंजक वाटतो. खनिज नेमकं कुठे आणि किती प्रतीचं आहे हे काही ठिकाणी घेतलेल्या भोकांवरूनच कळतं. मधल्या जागेचा अंदाज बांधायचा, आणि तो किती कच्चा आहे तेही सांगायचं. भोकाजवळ शंका कमी, दूर जाल तशी जास्त. रोबोच्या जागेचंच गणित जमिनीच्या पोटाला लावलंय. त्यातून पुढचं भोक कुठे पाडलं तर शंका सगळ्यात जास्त घटेल हेही निघतं.

पुढे डरँट-व्हाइट यांची कारकीर्द प्रयोगशाळेतून कार्यालयांत सरकली. २०१० साली रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि नॅशनल आयसीटी ऑस्ट्रेलिया या संशोधन संस्थेचं प्रमुखपद, नंतर ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचे मुख्य विज्ञान सल्लागार, आणि २०१८ साली न्यू साउथ वेल्स राज्याचे मुख्य शास्त्रज्ञ व अभियंता.

त्यांच्या पद्धतीचं काय झालं? कालमन फिल्टरवरचं स्लॅम आज पूर्वीइतकं वापरलं जात नाही. त्यात एक खोट होती: रोबो वळतो तेव्हा गणित सरळ रेषेचं राहत नाही, फिल्टर मात्र प्रत्येक पावलाला ते सरळ मानून पुढे जातो आणि हळूहळू गरजेपेक्षा जास्त खात्री बाळगू लागतो. सायमन ज्युलिअर आणि जेफ्री उलमन यांनी हे २००१ सालीच, म्हणजे सिद्धता छापली गेली त्याच वर्षी, उदाहरणासह दाखवलं. आता बहुतेक प्रणाली सगळा प्रवास आणि सगळ्या खुणा एका मोठ्या जाळ्यात मांडतात आणि ते जाळं पुन्हा पुन्हा सोडवतात, म्हणजे जुन्या सरळ मानलेल्या पावलांचाही फेरविचार होतो. घरातली फरशी झाडणारे रोबो, उडते कॅमेरे, मोबाइलवर खोलीत खोटी खुर्ची ठेवून दाखवणारी ॲप, या सगळ्यांच्या पोटात स्लॅम असतं. मांडणी मात्र १९९५चीच आहे: जागा आणि नकाशा एकत्र सोडवायचे, आणि नाती फेकायची नाहीत.

अडलेलं काम वेगळ्या जागी आहे. ही सगळी सिद्धता खुणा हलत नाहीत असं धरते. गर्दीच्या रस्त्यावर पार्क केलेली गाडी खूण म्हणून नोंदवली आणि तासाभराने ती निघून गेली, तर नकाशाला ते समजायला हवं. आणि कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणारी आजची न्यूरल नेटवर्क स्वतःच्या खात्रीचा जो आकडा देतात तो बऱ्याचदा वाजवीपेक्षा मोठा असतो. त्यांचं म्हणणं वजनाच्या बेरजेत कसं घ्यायचं, यावर अनेक गट सध्या झगडत आहेत.